मोठ्या आईचे खुबे

माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा 'आई' म्हणून हाक मारली ती माझ्या जाऊबाईंना. मी त्या वेळी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या प्रयोगशाळेत, कुणाच्या तरी बोअरवेलच्या पाण्यातले क्षार मोजत होते. संध्याकाळी घरी आले तर जाऊबाई ओट्यावर बसून सगळ्या आळीला सांगत होत्या, "आज पोरीनी मना आई हाक मारली." पुढे शिकवून शिकवून तिचं 'मोठी आई' केलं, कारण वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला माझ्या सासरी पोरं तसंच म्हणतात. मग मी कोण? मी मम्मी झाले. मम्मी काय, कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेतल्या सगळ्याच पोरांच्या आया असतात. आई हा शब्द जाऊबाईंनी घेतला, आधी 'मोठी' लावून का होईना, आणि मला तो अजून मिळालेला नाही.

मी घाटावरची, साताऱ्याकडची. रसायनशास्त्र शिकले, नोकरीसाठी नवी मुंबईत आले आणि खाडीकाठच्या एका आगरी घरात सून झाले. माहेरी मासे म्हणजे कधीतरी बाजाराच्या दिवशी, तेही वडिलांपुरते, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर. सासरी ताटात मासा नसला तर घरात कोण आजारी आहे असं विचारायचे. जाऊबाई खाडीच्या पलीकडच्या गावच्या, माझ्याआधी कितीतरी वर्षं या घरात आलेल्या. पुढे गावाभोवती शहर आलं, भातशेती गेली, मिठागरं गेली, जुनं घर पाडून इमारत झाली. तळाला जाऊबाई, वर आम्ही, आमच्या वर भाडेकरू. पण बांधापलीकडची खाडी कुणी नेली नव्हती. ओहोटी लागली की जाऊबाई साडी वर खोचून, हातात टोपली घेऊन उघाडीकडे निघायच्या. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, जिथून आमची नदी खाडीला मिळते.

नदी म्हणायचं ते जुन्या माणसांच्या सवयीनं. ती कारखान्यांच्या मागून येते. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती कधी तांबडी वाहायची, कधी निळसर, आणि वास असा की खिडक्या लावून जेवावं लागायचं. मग ओरड झाली, कारखाने पाणी शुद्ध करून सोडायला लागले, रंग गेला, वासही बराच गेला. उघाडीपाशी बगळे दिसायला लागले. नदी सुधारली असं सगळं गाव म्हणायला लागलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं जाऊबाई. पाणी सुधारलं होतं हे खरंच आहे, मी स्वतः तपासलेलं आहे. पण पाणी वाहून जातं आणि गाळ जागेवर राहतो. इतक्या वर्षांत जे जे खाली बसलं, शिसं म्हणा, कॅडमियम म्हणा, क्रोमियम म्हणा, ते त्या काळ्या चिखलात मुरून बसलेलं आहे. आणि खुबे त्याच चिखलात राहतात, त्यातलंच खातात.

खुबे म्हणजे छोटे शिंपले, गाळात बोटभर खोल रुतलेले. ते काढायला जाऊबाई गाळात चक्क फतकल मारून बसतात, हात कोपरापर्यंत आत घालतात आणि भलतीकडेच बघत, शेजारणीशी गप्पा मारत, मूठ भरून वर काढतात. मी एकदाच गेले होते. गुडघ्यापर्यंत रुतले, आणि दोन बायकांनी काखेत हात घालून मला मुळ्यासारखं उपटून काढलं. माझी मुलगी त्याची नक्कल अजून करून दाखवते. मोठ्या आईसमोरच करते, आणि मोठी आई पदर तोंडावर घेऊन हसते.

"घाटावरच्या बायांना नुसता वास येतो गो, चव नाय कलत," असं जाऊबाई म्हणायच्या, आणि मला नाकाला पदर लावलेला बघून मुद्दाम टोपली माझ्या पायाशी ठेवायच्या.

मुलीला त्यांनी खुब्यांचं कालवण पहिल्यांदा कधी भरवलं हे मला माहीत नाही, मी कामावर होते. मला एवढंच माहीत आहे की मी केलेली आमटी ती बोटानं ताटाच्या कडेला सारायची आणि मोठ्या आईच्या कालवणाचं ताट चाटून पुसायची. शाळेतून आली की दप्तर आमच्या जिन्यात टाकायची आणि खालीच राहायची. ताप आला तरी खालीच. पहिल्यांदा पाळी आली तेव्हासुद्धा तिनं मोठ्या आईला सांगितलं, आणि मोठ्या आईनं मला. मी ऑफिसातून आल्या आल्या जिन्यातच, चप्पल काढता काढता, स्वतःच्या मुलीची बातमी दुसरीकडून ऐकली. जाऊबाईंना स्वतःचे दोन मुलगे आहेत, दोघेही उंचेपुरे, कमावते. तरी त्यांना माझी एकुलती एक हवी होती. मला हेवा वाटायचा, आणि वाटायचा कसला, वाटतो. नुसतं जळतं पोटात.

माझ्याकडे एकच हत्यार होतं, माझं शिक्षण, आणि ते मी वाट्टेल तिथं चालवलं. बारशाच्या दिवशी जाऊबाईंनी बाळाला काजळ लावलं तेव्हा मी भरल्या घरात म्हटलं, काजळात शिसं असतं. ते काजळ त्यांनी घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं होतं, त्यात शिसं कुठून येणार! पण मी म्हटलं. घुटीत जंतू आहेत म्हटलं. टाळू भरायला तेल नको म्हटलं. त्यांनी शिवलेल्या गोधडीनं ऍलर्जी होते म्हटलं. जाऊबाई मला 'साहेबीन' म्हणायला लागल्या. मी काही बोलायला तोंड उघडलं की त्या हात जोडून म्हणायच्या, "बोला साहेबीन, आता काय मोजलांव?" आणि सगळं घर हसायचं.

मुलगी लग्न होऊन उलव्याला गेली. नव्या टॉवरमधलं घर, नुकताच रंग दिलेलं, विमानतळाच्या बाजूला. मला वाटलं, आता तरी दोघी सारख्याच लांब झालो. ते माझे मनातले मांडे. ती फोन मला करायची, पण बोलणं संपता संपता विचारायची, "मोठी आई आहे का गं जवळ?"

मग तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे माझं घर. मी पडदे बदलले, तिच्यासाठी वेगळी उशी आणली, पलंग खिडकीपाशी सरकवला. तिनं पिशवी वर ठेवली, पाणी प्यायली आणि भिंत धरून, एकेक पायरी उतरत, खाली गेली. मी वरून बघत उभी राहिले. खालून आवाज आला, "मोठी आई, खुबे आहेत?"

असणारच. आमच्या गावात पोटुशीला खुबे देतातच. रगत वाढतं म्हणतात. बाळंतीण झाली की मग निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, दूध येण्यासाठी. जाऊबाईंनी तर तयारी करून ठेवली होती. एरवी त्या खुबे आणले की टोपात नळाच्या पाण्यात मीठ घालून ठेवतात, म्हणजे ते रात्रभरात पोटातली माती ओकून टाकतात आणि कालवण खाताना दाताखाली कचकच होत नाही. सगळ्या गावाची हीच पद्धत. पण पोटुशीसाठी म्हणून या वेळी त्यांनी विकतच्या जारचं पाणी आणलं होतं. घरात स्वतः प्यायला नळाचं, आणि खुब्यांना जारचं! मला बोलावून टोप दाखवला.

"बग साहेबीन. तीनदा पानी बदललांय. आता तर आरशासारखा हाय. काय घान असेल ती गेली. आता तरी नाव ठेवू नको."

खरंच पाणी स्वच्छ होतं. तळाशी गाळाची एक बारीक रेघसुद्धा नव्हती. माझ्या डोक्यात विचार आला. आजवर हवेत तलवार फिरवत आले, या वेळी मोजून बघू.

दुसऱ्या दिवशी त्या नवी टोपली घेऊन आल्या तेव्हा त्यातले मूठभर खुबे मी तसेच चिखलासकट घेतले. मग जारच्या पाण्यातून निघालेले मूठभर घेतले. संध्याकाळी फिरायला जाते म्हणून उघाडीपर्यंत गेले आणि बांधाच्या पायथ्याचा गाळ एका बरणीत भरला. या वेळी रुतले नाही, कारण दगडावरून वाकले. तिन्ही नमुने प्रयोगशाळेत नेले, वाळवले, कुटले, ऍसिडमध्ये विरघळवले आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर लावले. आमचा तंत्रज्ञ आकडे बघून म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या कंपनीचं आहे? भारी गेलंय की."

गाळात शिसं होतं, कॅडमियम होतं, आणि मी एरवी ज्या मर्यादा कारखानदारांना तोंडपाठ म्हणून दाखवते त्यांच्या पुष्कळ वर होतं. खुब्यांतही होतं. आणि जारच्या पाण्यात तीनदा धुतलेल्या खुब्यांत जवळजवळ तितकंच होतं. माती पोटात असते, ती ओकता येते. शिसं मांसात भिनलेलं असतं, त्याला जारचं पाणी काय करणार?

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. मी यंत्रासमोर उभी राहून हसले, आणि तंत्रज्ञाला वाटलं काही चुकलं म्हणून हसतेय. इतकी वर्षं ज्या कालवणानं माझी मुलगी माझ्याकडून नेली होती, ते आता माझ्या हातात होतं, परीक्षानळीत. तुर्भ्याहून घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. आपल्या मुलीच्या पोटात बाळ आहे आणि ती हे रोज खातेय, ही गोष्ट मला वाशीच्या पुढे आल्यावर कुठेतरी नीट जाणवली. रिक्षावाल्याला मी दोनदा म्हटलं, जरा लवकर घ्या.

सगळे खालीच जेवत होते. मुलीच्या ताटात वाफाळता भात आणि त्यावर ते कालवण, हिरवट, ओल्या नारळाचं. मी चपलेसकट आत गेले.

"ते खाऊ नकोस," मी म्हटलं. "त्यात शिसं आहे. बाळाच्या मेंदूला धोका असतो. मी आज मोजून आलेय."

मुलगी हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं, अगदी थकलेलं.

"मम्मी, माझ्या बारशाला काजळात पण शिसं होतं ना?"

"ते वेगळं. हे खरं आहे."

"म्हणजे ते खोटं होतं?"

माझा नवरा म्हणाला, "अगं जेवताना नको ना ते लॅबचं टेन्शन." जाऊबाईंनी डाव हातात तसाच धरला होता. त्या म्हणाल्या, "मी जल्मभर खातेय गो. मना काय झायलाय? माजी सासू पन खायाची. आन आता तर पानी पन सुदारलाय."

"पाण्याचं नाही ताई, गाळाचं."

"गाल काय आज आलाय का?"

मुलीनं घास उचलला, माझ्याकडे बघत उचलला आणि खाल्ला. "तुला मोठ्या आईचं काहीच बघवत नाही, मम्मी. कधीच बघवलं नाही." तिच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं. मला बघवत नव्हतं हे खरं होतं, आणि कालवणात शिसं होतं हेही खरं होतं. पण एकामुळे दुसऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. माझ्या जागी रस्त्यावरचा कुणीही येऊन सांगता तर तिनं ताट बाजूला केलं असतं.

मी तिच्या डॉक्टरबाईंना फोन केला. वाशीच्या आहेत, बोलायला मोकळ्या. त्यांनी तिच्या नेहमीच्या रक्ततपासणीत शिशाची तपासणी घातली, आणि मी लेकीला त्यातलं काही सांगितलं नाही. निकाल आल्यावर त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. रक्तात शिसं होतं, असायला नको तेवढं होतं. लगेच काही होईल असं नाही, त्या म्हणाल्या, पण हे वाढू द्यायचं नाही. काय खाता, कुठं राहता, लहानपण कुठं गेलं, असं एकेक विचारत गेल्या. मुलगी उत्तरं देत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता.

"खुबे बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाळातलं सगळंच बंद. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण हे फक्त आत्ताच्या खाण्यामुळेच आहे असं समजू नका. लहानपणापासून पोटात गेलेलं शिसं हाडांत साठून राहतं. गरोदरपणात बाळाला कॅल्शियम लागतं, ते आईच्या हाडांतून निघतं, आणि त्याच्याबरोबर हेही थोडंथोडं सुटतं. म्हणून बाळाचंही रक्त आपण पुढं अधूनमधून बघू."

म्हणजे मी कामावर असताना खालच्या घरात, मांडीवर बसवून, चिऊचा काऊचा करत जे घास भरवले गेले, ते माझ्या मुलीच्या हाडांत होते, आणि आता ते बाळाकडे निघाले होते. ते ऐकून मला रडू आलं. आणि त्याच वेळी, त्याच खुर्चीत, माझ्या मनात आलं की आता संपलं. आता जाऊबाईंना हे ऐकावं लागणार. याच्यापुढे त्यांच्याकडे हात जोडून चेष्टा करायला काही उरणार नाही.

परत येताना मुलगी रिक्षाच्या दुसऱ्या कडेला सरकून बाहेर बघत रडत होती. मी वाक्य तयार करत होते. ताई, तुम्ही जे प्रेमानं भरवलंत ना. नाही, प्रेमानं हा शब्द काढला. ताई, तुम्ही जे भरवलंत ना, ते. इतक्यात मुलगी म्हणाली, "मोठी आई मरेल गं हे ऐकून."

बस. स्वतःच्या बाळाबद्दल एक शब्द नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. आधी मोठी आई. माझ्याबद्दल ती असं कधी कुणापाशी म्हणाली असेल का? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "मी सांगणारच आहे," मी म्हटलं.

जाऊबाई मागच्या दारी पाटावर बसून होत्या. तपासणीत काहीतरी निघालंय एवढं माझ्या नवऱ्यानं फोनवर ऐकून त्यांना सांगितलं होतं. मोरीत टोप पालथा पडला होता आणि खुबे गटाराच्या जाळीवर सांडलेले होते, उघडे, काळे. मुलगी वर गेली, निदान मला तसं वाटलं. मी जाऊबाईंच्या समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांची बोटं एकमेकांत अडकवलेली होती, नखांच्या कडांना कायमचा बसलेला तो काळा रंग, आणि हात थोडे थरथरत होते. ते काही महिन्यांपासून थरथरत होते. वय झालं असं त्या म्हणायच्या.

"पोरीच्या रगतात हाय ना तां?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"माज्याच हातचां हाय का? खरा सांग. तू शिकलेली हायस. अगदी बारकी होती तवापासून मीच भरवलांय तिला."

आजपर्यंत त्यांनी मला साहेबीन म्हणून चेष्टा केल्याशिवाय कधी काही विचारलं नव्हतं. तू शिकलेली हायस हे वाक्य ऐकायला मी लग्न झाल्यापासून थांबले होते. माझं वाक्य तयार होतं, रिक्षात घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. त्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर जी भीती होती ती माझ्या ओळखीची होती, मीच ती वाशीहून अंगात घेऊन आले होते. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक दिसलं. मी बोलले तर ही बाई इथंच कोसळणार, आणि माझी मुलगी पोट सांभाळत खाली येऊन तिला मिठी मारून बसणार, कित्येक दिवस बसणार. तेही मला बघवलं नसतं.

"नाही ताई," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या, उलव्याच्या घराला नवीन रंग दिलाय ना, त्याचं असेल. काही रंगांत शिसं असतं."

त्यांनी श्वास सोडला, आणि लगेच त्यांच्यात जीव आला. "मी बोल्लीच व्हती! त्या घरात पाऊल टाकला तवाच माजा डोका चढला व्हता. पोटुशीला रंगाच्या वासात ठेवतान का कोनी? येऊ दे जावयाला, बगते त्याला." त्या उठल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बरा झाला तू तपासलास." कौतुक केलं त्यांनी माझं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तेही कशाबद्दल, तर मी बोललेल्या खोट्याबद्दल.

मी वळले तर दारात मुलगी उभी होती. ती वर गेलीच नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्यासमोर डॉक्टर काय म्हणाल्या ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, असं की जणू मी कोण हे ती पहिल्यांदाच बघत होती, आणि मग जाऊबाईंना म्हणाली, "हो मोठी आई. रंगाचंच. पण गाळातलं पण सगळं बंद सांगितलंय. तू पण खायचं नाहीस, आणि उघाडीवर जायचं नाहीस. तुझं पण रक्त तपासायचंय."

"तू सांगतेस तर नाय जानार," जाऊबाई म्हणाल्या. माझ्या यंत्रानं जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्यानं झालं. रक्त मात्र त्यांनी अजून दिलेलं नाही. सुईला घाबरतात.

उघाडीवरच्या बाकीच्या बायका जातातच. रंगाची गोष्ट जाऊबाईंनीच गावभर केली, त्यामुळे माझं आता कुणी ऐकत नाही. मी ओहोटीच्या वेळी बांधावर जाऊन सांगते. पाणी नका बघू, गाळ बघा, धुऊन जात नाही ते. त्या ऐकून घेतात, हसतात, म्हणतात जावाजावांचा भांडान हाय, आणि हात कोपरापर्यंत आत घालतात. एका खोट्याची एवढी मोठी किंमत असते हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी अजून जाते.

नात झाली. गोरी, केसाळ, रडायला खणखणीत. तिला पहिली आंघोळ जाऊबाईंनी घातली, पाय लांब करून, पायांवर पालथी घेऊन, आणि ती रडायची थांबली. माझ्या हातात आली की पुन्हा सुरू. जाऊबाई आता बस पकडून उरणच्या मोरा बंदरावर जातात आणि बाळंतिणीसाठी खोल समुद्रातले मासे आणतात. नात त्यांना बघून हसते. मी बघते, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं पोटात जळायला लागतं.

फक्त डॉक्टरबाई सांगतात त्या दिवशी मी आणि मुलगी, आम्ही दोघी नातीला घेऊन वाशीला निघतो. तिच्या इवल्याशा हातातून रक्त काढायचं असतं, आणि मग निकाल येईपर्यंत थांबायचं असतं. घरी सांगतो, लस टोचायला चाललो. जाऊबाई दारापर्यंत येतात, टोपडं नीट करतात आणि मुलीला बजावतात, "टोचताना मम्मीकडं नको देव हां. तिला धरता येत नाय." मुलगी हो म्हणते.

रिक्षा वळली की ती सरकून माझ्याजवळ बसते. बाळ तिच्या मांडीवर असतं. तिचा हात माझा हात शोधतो आणि वाशी येईपर्यंत सोडत नाही. हे आम्हा दोघींचंच आहे, यात मोठी आई नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं.